मारोतरावांचं दुसरं अपेंडिक्स

विमा कंपनीकडून जास्त आलेले पैसे परत करणं हे मी एका दुपारचं काम समजलो होतो. जेवण झालं की स्कूटर काढायची, कंपनीच्या शाखेत जायचं, पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि येताना घरी सांगितलेली मेथीची जुडी आणायची. मेथी त्या दिवशी आणली. बाकीच्या कामात कापसाचा एक अख्खा हंगाम गेला.

आदिलाबादेत माझा दवाखाना आहे. खाटा मोजक्याच, पण पाटीवर 'नर्सिंग होम' असं लिहिलेलं आहे, आणि पाटी रंगवणाऱ्यानं अक्षरं मोठी काढल्यामुळे इमारत तिच्यामागे थोडी लपते. एक्क्याण्णव साली गावातल्या एका जिनिंग मिलनं आपल्या कामगारांचा आजारपणाचा विमा उतरवला. कामगारानं यावं, मी कापावं आणि बिल कंपनीनं भरावं, अशी सुटसुटीत योजना होती. प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी दहा हजारांची मर्यादा, आणि तेवढ्यात नवरा, बायको, पोरं सगळ्यांनी आपापलं आजारपण बसवायचं.

आता आमच्या जिल्ह्यात कुठलाही कागद एका भाषेत पुरा होत नाही. त्यामुळे माझी बिलंही दोन निघत. कंपनीसाठी इंग्रजीतलं बिल मी लिहीत असे आणि मिलच्या टाइम ऑफिससाठी त्याचीच तेलुगू नक्कल आमच्या नर्सबाई विजयाम्मा लिहीत. विजयाम्मा मंचेरियालकडच्या. मी मराठी रीतीनं लिहायचो, मारोतराव चंपतराव डवले. त्या तेलुगू रीतीनं घराण्याचं नाव आधी घालायच्या, डवले मारोतराव. दोन्ही बरोबर होतं. दोन्ही कागद एका टाचणीनं जोडलेले असत आणि इतकी वर्षं दोन समाजांमधला हा सलोखा त्या टाचणीवर टिकून होता.

मारोतरावांच्या अपेंडिक्सच्या वेळी ती टाचणी कुठेतरी निघाली. मिलनं दोन्ही कागद वेगवेगळे पुढे पाठवले. कंपनीनं मारोतराव चंपतराव डवल्यांच्या अपेंडिक्सचे तीन हजार चारशे दिले आणि डवले मारोतराव यांच्या अपेंडिक्सचे तीन हजार चारशे दिले. महिन्याभराच्या सगळ्या बिलांचा चेक एकच असल्यामुळे ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बँकेचं पासबुक भरून यावं लागलं.

मला वाटलं, पैसे आपले नाहीत, देऊन टाकू. यात मी फार थोर वागत होतो असं नाही. माझे वडील याच गावात किराणा दुकान चालवत आणि गिऱ्हाईक सुट्टे पैसे विसरलं तर दुकान उघडं टाकून त्याच्या मागे जात. आम्हा चिद्रावारांचं गावात जे काही नाव आहे ते एवढंच. ते फार मोठं नाही, पण मला दुसरं कुठलं मिळालेलं नाही.

शाखेत मी हा प्रकार सांगितला तेव्हा शिपायाचा आधी गैरसमज झाला. डॉक्टर हातात पाकीट घेऊन आला आहे आणि 'साहेबांना द्यायचेत' म्हणतो आहे, एवढंच ऐकून त्यानं मला मागच्या दारानं आत नेलं. मॅनेजर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी पुढचं दार उघडं ठेवायला सांगितलं आणि चहा मागवला.

"डाक्टर साब," ते म्हणाले, "हमारे पास पैसा देने के बहुत हेड हैं. लेने का एकीच है, प्रीमियम का. वापस लेने का हेड हैच नहीं."

"पण पैसे तुमचे आहेत," मी म्हणालो.

"हमारेच हैं. मैं कब नक्को बोला? मगर कौनसे हेड में डालूं? प्रीमियम भरना है तो अभी लेता."

मी चहा संपवला, पाकीट खिशात घातलं आणि मेथी घेऊन घरी आलो. माझी बायको रुख्मिणी म्हणाली, "अहो, पाकीट तसंच दिसतंय." मी म्हणालो, हेड नाही. तिनं मेथी निवडायला घेतली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या प्रश्नांवर मत देणं कमी कमी करत आणलं आहे.

ती कसर शेजारी भरून काढतात. डावीकडे सुधाकरराव राहतात. ते तहसील कचेरीत पेशकार होते, निझामाच्या अमलातलं दफ्तर त्यांनी तरुणपणी हाताळलेलं आहे आणि निवृत्त होऊनही त्यांच्या तोंडातून कचेरी गेलेली नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, चूक कोणाची? त्यायची. तक्रार कोणाची? कोणाचीच नाई. ज्या मामल्यात फिर्यादीच नाई तो दाखल दफ्तर समजावा." उजवीकडचे पांडुरंगराव कापडाचे व्यापारी. त्यांचा सल्ला धार्मिक होता. त्यांच्या मते पैसे देवळाला द्यावेत, आणि देवळाच्या कमिटीचे खजिनदार ते स्वतःच असल्यामुळे त्यात हेडची अडचण येणार नव्हती.

दोन दिवसांत गावभर झालं की चिद्रावार डॉक्टर विम्याचे पैसे परत करतो आहे. कौतुक होईल अशी माझी थोडी अपेक्षा होती, ती का लपवू? पण गावानं त्याचा अर्थ वेगळा लावला. केस कापणारा माझ्या मानेवर वस्तरा ठेवून अगदी आपुलकीनं म्हणाला, "साब, एवढे वापस करून राह्यले म्हणजे खाल्ले किती असतीन, असं लोक म्हणते. मी नाई म्हणत." वस्तरा मानेवर असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

इथवर मामला माझ्या आणि कंपनीच्या मधला होता आणि मी कदाचित तो सोडूनही दिला असता. पण एक दिवस मारोतराव आपल्या बायकोला घेऊन आले. रेणुकाबाई उंच, काटक बाई. पोटाला हात लावून न वाकता बसण्याचा प्रयत्न करत होत्या.

"दोन घास तेलाचं पोटात गेलं का इथून उठते, डॉक्टरसाब," त्यांनी उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं, "आन् पाठीत जाते. भाकर बी कोरडीच खाऊन राह्यली मी."

तपासण्या केल्या. पित्ताशयात खडे होते. हे ऑपरेशन माझ्या दवाखान्याच्या पाटीला झेपलं असतं, पण दवाखान्याला झेपण्यासारखं नव्हतं. नागपूरला जायला हवं होतं. तिथला खर्च साडेसहा हजारांच्या घरात. मी म्हणालो, काळजी नको, मिलकडून मंजुरीचं पत्र आणा, विमा आहेच.

दुसऱ्या दिवशी मारोतराव एकटेच आले आणि बराच वेळ टोपीची घडी घालत उभे राहिले. "टाइमकीपर म्हणते, तुह्यं पोट दोनदा कापलं, आता बाईच्या पोटाले पैसे उरले नाई. मी म्हणलं, एकदाच कापलं. तो म्हणते, मंग कागद खोटं बोलते का?" टोपीची घडी उलगडत ते म्हणाले, "आन् जास्ती बोलशीन तर दोनदा पैसे काऊन उचलले म्हणून तुह्यीच चौकशी लावतो म्हणते."

म्हणजे परिस्थिती अशी होती. कंपनीच्या मते माणसं दोन आणि प्रत्येकी ऑपरेशन एक. मिलच्या मते माणूस एक आणि ऑपरेशनं दोन. माझ्या मते माणूस एक आणि ऑपरेशनही एक. सत्याच्या सगळ्यांत जवळ मी होतो आणि सगळ्यांत कमी पुरावा माझ्याकडे होता. आणि जोवर ते तीन हजार चारशे कंपनीच्या खात्यात परत जमा होत नव्हते तोवर रेणुकाबाईंच्या नावावर नागपूरपुरते पैसे निघत नव्हते.

"मग ते जास्तीचे पैसे तिलाच देऊन टाका," पांडुरंगराव म्हणाले. देवळाच्या वतीनं त्यांनी केलेला हा त्याग मोठाच होता. पण तेवढ्यात ऑपरेशन अर्धंच झालं असतं, आणि मारोतरावांनी ते घेतलेही नसते. मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, "एकडाव माह्या नावानं उचलले म्हणून एवढं झालं. आता हातात घेतले तर खरंच होईन ते."

मी कंपनीच्या निजामाबादच्या विभागीय कार्यालयाला इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिलं. मनुष्याला अपेंडिक्स एकच असतं, हे वाक्य मी त्यात दोनदा घातलं. पत्राचा परिणाम झाला आणि एक तपासणी अधिकारी स्वतः आले. गोल चेहऱ्याचे, मवाळ, हातात कातडी बॅग. त्यांना दुसऱ्या डवल्यांना भेटायचं होतं.

मी म्हणालो, दुसरे डवले नाहीतच. विजयाम्मांनी त्यांना तेलुगूत नावांची सगळी हकिकत समजावली. ती त्यांना एका क्षणात पटली, कारण तेही तेलुगूच होते. त्यांनी वहीत 'माणूस: एक' असं लिहिलं आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मग ते म्हणाले की आता नुसती एक औपचारिकता म्हणून त्या एका माणसाचं पोट बघावं लागेल.

मारोतरावांना बोलावलं. सोबत रेणुकाबाई आल्या. मारोतराव टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी सदरा वर घेतला. उजवीकडे माझं काम होतं, चार बोटं, सरळ, माझ्या मते देखणं. डावीकडे वीतभर लांबीचा एक वेडावाकडा जुनाट व्रण होता.

"दो," अधिकारी म्हणाले.

"तो बैलाचा हाय, साहेब," मारोतराव आडव्या आडव्या म्हणाले. "पोळ्याच्या दिसी बाशिंग बांधून राह्यलो होतो. त्यानं मान हालवली."

"मी तवा नवीच होती या घरात," रेणुकाबाई म्हणाल्या. "समदं तोरण सोडून लोक यायले उचलाले धावले. बैल तसाच बिना बाशिंगाचा गेला मारोतीपुढं."

अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "बैल का कुछ कागज है?"

बैलाचा कागद नव्हता. बैलही नव्हता, तो नार्नूरच्या बाजारात विकून जमाना झाला होता. मी पुढे होऊन सांगितलं की अपेंडिक्स उजवीकडे असतं, डावीकडे नसतं, आणि शिंगानं केलेली जखम व चाकूनं केलेली जखम यांतला फरक मला ओळखता येतो. अधिकारी फार आदरानं ऐकत होते. मग म्हणाले, "साब, वह डाक्टरी पॉइंट है. मैं डाक्टर नहीं. मेरे को निशान गिनने भेजे."

आणि त्यांनी लिहिलं: माणूस एक, व्रण दोन, रकमा दोन, मेळ बसतो. शेरा: संबंधित डॉक्टर आपण केलेल्या दोहोंपैकी एक शस्त्रक्रिया नाकारत आहेत, कारण समजत नाही.

त्या वाक्याचा मला जो त्रास झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. पैसे खाल्ल्याचा आळ एक वेळ मी सोसला असता. पण तो डावीकडचा व्रण माझा आहे असं कंपनीच्या दफ्तरी कायमचं नोंदलं गेलं. टाके कसे घातले होते ते तुम्ही पाहिलं नाही. बेज्जूरकडे ढोरांच्या दवाखान्यात कोणीतरी मारोतरावांना उचलून नेलं होतं आणि तिथल्या माणसानं हाताला सवय होती तसे ते घातले होते.

सुधाकररावांनी सगळं ऐकून डोळे मिटले. "डॉक्टर, आता मिसलीच्या कागदात बैल आला. बैल आला का मामला लांबते. तुमी वर जा."

म्हणून मी निजामाबादला गेलो. बस निर्मळला बराच वेळ थांबली, मग सोन गावच्या पुलावर आली. पुलावर आमच्याकडची माणसं गोदावरीला हात जोडतात आणि खिडकीतून नाणी टाकतात. तिला गंगा म्हणतात. माझ्या मनात आलं, पाकीट काढावं आणि खिडकीतून सोडून द्यावं. गंगेनं आजवर कोणाला हेड विचारलेलं नाही. पण पावती तिनंही दिली नसती, म्हणून मी चार आण्यांचं एक नाणं टाकलं.

विभागीय कार्यालयात सीतारामय्या नावाचे अधिकारी होते. असा समजूतदार माणूस मी कचेरीत पाहिलेला नाही. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सगळं ओळखलं. एक माणूस, एक अपेंडिक्स, एक बैल. ते हसलेसुद्धा नाहीत. "डाक्टर साब, आप सच्चे हैं," ते म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी एक छापील अर्ज काढला. पैसे परत घ्यायचं हेड होतं. एकच होतं. दवाखान्याकडून पैसे घ्यायची वेळ कंपनीवर आजवर एकाच कारणानं आलेली होती, त्यामुळे त्या हेडचं नाव होतं 'खोट्या बिलांची वसुली'. अर्जात छापलं होतं की मी, खाली सही करणार, अमुक बिल खोटं सादर केल्याचं कबूल करतो आणि रक्कम परत करतो. त्याखाली नाव, शिक्का आणि सही.

"'चुकून' हा एक शब्द घालतो," मी म्हणालो.

"नक्को, साब. एक अक्षर बढ़ा तो फॉर्म हैदराबाद जाता. वहाँ से कब आता, मैं बोल नहीं सकता."

"मी खोटं बिल दिलेलं नाही."

"मालूम है मेरे को," सीतारामय्या म्हणाले. "फॉर्म को नहीं मालूम."

मी उठलो. माझ्या वडिलांचं दुकान, सुट्ट्या पैशांसाठी त्यांचं उन्हातून पळणं, हे सगळं मला त्या क्षणी आठवलं आणि मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की चिद्रावार असल्या कागदावर सही करत नसतात. येताना सोनच्या पुलावर मी ताठ बसलो होतो आणि काहीही टाकलं नाही.

गावात मात्र माझी बाजू एकदम वर आली. खातो तो चोर, परत करतो तो मोठा चोर, पण सही करायला नकार देतो तो बाणेदार, असा काहीसा हिशेब असावा. आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी बैठक भरू लागली. सुधाकररावांनी हैदराबादला पाठवायच्या दरख्वास्तीचा मसुदा घेतला. एका विहिरीच्या मामल्यात त्यांनी अशीच दरख्वास्त लावली होती, ती मंजूर झाली तेव्हा विहीर बुजलेली होती, पण हक्क शाबीत झाला होता. पांडुरंगरावांनी मला जाहीरपणे शाबासकी दिली. रुख्मिणी आत-बाहेर करत चहा देत होती. एकदा कप उचलता उचलता तिनं विचारलं, "रेणुकाबाईंचं कसं आहे?"

सुधाकररावांनी मसुद्याची पानं चाळली आणि म्हणाले, "तोही मुद्दा दरख्वास्तीत घातला आहे. कलम सहा."

कलम सहा त्याच आठवड्यात एका सकाळी रिक्षातून आलं. रेणुकाबाईंना मारोतरावांनी धरून उतरवलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, अंगात थंडी होती. खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला होता. सुई दिली, सलाईन लावलं, दुखणं थोडं उतरलं. हे फार दिवस थांबणारं नव्हतं. मी मारोतरावांना म्हणालो, दोन-तीन दिवसांत नागपूर गाठायलाच हवं, आत्ताच निघा, पैशाचं मागाहून बघू. ते म्हणाले, तिथल्या दवाखान्याची चिठ्ठी आली आहे, मंजुरीचं पत्र किंवा रोख पैसे भरल्याशिवाय ते ऑपरेशनला घेत नाहीत. रोख त्यांच्याकडे नव्हते, आणि माझ्या हातून पैसे घ्यायला ते आताही तयार नव्हते. माझ्याकडे पाकिटात होते ते अर्धेच होते, आणि तेही माझे नव्हते.

रेणुकाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्या आहेत. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाब, तुमचा कागद कुठं अडकून राह्यला?"

मी म्हणालो, "एका शब्दावर."

"मोठा हाय का तो शब्द?"

मी सांगितलं, मोठा नाही. मी सलाईनचा वेग बघितला, विजयाम्मांना सूचना दिल्या, घरात जाऊन शिक्का आणि पाकीट घेतलं आणि दुपारच्या बसनं निघालो. ओसरीवरच्या बैठकीला मी काही सांगितलं नाही. मला त्यांची तोंडं बघायची नव्हती. पूल आला तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत होतो.

सीतारामय्या कार्यालय बंद करून निघतच होते. मला बघून ते परत बसले आणि त्यांनी तोच अर्ज काढला. मी सही केली. डॉ. वामन अमृतराव चिद्रावार, खोटं बिल सादर केल्याचं कबूल. माझी सही एरवी कोणाला वाचता येत नाही, त्या दिवशी ती अगदी स्वच्छ आली. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, पण समोर रोखपाल नोटा मोजत होता आणि माझ्यामुळे त्याची मोजणी चुकली तर ते पैसेही जास्त व्हायचे, म्हणून मी आवरलं.

सीतारामय्यांनी पावती स्वतः लिहिली आणि मिलला फोन करून मारोतराव डवल्यांची रक्कम मोकळी झाल्याचं कळवलं. मग उभं राहून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, या विभागात खोटं बिल आपणहून कबूल करणारे तुम्ही पहिलेच, वरून आम्हाला शाबासकी येईल. आणि ती आली. वसुलीतल्या उत्तम कामगिरीबद्दल त्या व्रण मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रशस्तिपत्र मिळाल्याचं मला पुढे कळलं.

मंजुरी दुसऱ्या दिवशी निघाली. मारोतराव बायकोला घेऊन त्याच संध्याकाळी नागपूरला गेले आणि तिथे सगळं नीट झालं. त्यांची तार आली तो दिवस मी फार आनंदात घालवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीची नोटीस मिलच्या फळ्यावर लागली. विमाधारकांच्या माहितीसाठी, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी, तिन्ही भाषांत. गोंधळ होऊ नये म्हणून माझं नाव दोन्ही रीतींनी लिहिलं होतं, वामनराव चिद्रावार आणि चिद्रावार वामनराव. टाचण्या चारही कोपऱ्यांना पक्क्या मारलेल्या होत्या.

दवाखाना ओस पडेल अशी माझी समजूत होती. झालं उलटच. माणसं वाढली. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना काही होत नव्हतं. ती बाकावर बसून राहायची, नंबर आला की आत येऊन दार लोटायची आणि हळूच विचारायची, "साब, बिल किती टक्क्यानं करून देता?" ओसरीवरची बैठक तेवढी मोडली. सुधाकररावांनी मसुदा परत आणून दिला आणि म्हणाले, "आता कबुलीजबाब झाल्यावर काय उरलं, डॉक्टर?" ते माझ्यावर रागावलेले होते. पांडुरंगराव रागावले नाहीत, त्यांनी नुसता मला हात करणं बंद केलं.

टाके काढायला रेणुकाबाई माझ्याकडेच आल्या. डोळे पांढरे स्वच्छ झाले होते. नागपूरच्या सर्जननं काम चांगलं केलं होतं. मारोतराव बाजूला उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. बाहेर बाकावर मिलचा एक धडधाकट फिटर आपला नंबर येण्याची वाट बघत होता.

शेवटचा टाका निघाल्यावर रेणुकाबाई म्हणाल्या, "फळ्यावर तुमचं नाव लागलं म्हणते हे. लबाड म्हणून."

"हो," मी म्हणालो.

"माह्या पायी?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. चार दिवस मनाशी उत्तर तयार केलं होतं. त्यात कर्तव्य होतं, वडील होते, नाव म्हणजे शेवटी काय असतं हा भाग तर चांगलाच जमला होता. मी घसा साफ केला. पण रेणुकाबाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या आपल्या पोटावर हात फिरवून बघत होत्या, अगदी सावकाश, एकेका जागेवर दाबून.

"मंग मले आता तेलाचं खाता येते का?" त्यांनी विचारलं.

"येईल. बेतानं, थोडं थोडं."

"आज?"

मी जरा विचार केला. "एखादं काही खाऊन बघा."

त्यांनी नवऱ्याला बाजारात पिटाळलं. मारोतराव कागदात मिरचीची भजी घेऊन आले. रेणुकाबाई बाहेर बाकावर, त्या फिटरशेजारी बसल्या आणि त्यांनी एक भजं तोडून अर्धं तोंडात घातलं. मी दारात उभा राहिलो. डॉक्टर म्हणून उभं राहणं भागच होतं. त्यांनी ते हळूहळू चावलं, गिळलं, आणि हात बरगडीखाली नेऊन त्या थांबल्या. मारोतरावही थांबले, मीही थांबलो. काही उठलं नाही. त्या अजून थोडा वेळ थांबल्या. मग उरलेलं अर्धं खाल्लं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला इतकं बरं वाटलं की तयार केलेलं उत्तर मी विसरलोच.

"घ्या, डॉक्टरसाब," त्यांनी कागद पुढे केला.

सगळ्यांच्या देखत मी एक भजं उचललं. फिटर घाईनं उठून माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "साब, मंग माह्या बिलाचं?"

"त्याले बी एक द्या," रेणुकाबाई म्हणाल्या, आणि पुढचं भजं तोडायला लागल्या.